ऑनलाइन कोर्समध्ये विद्यार्थ्याच्या हाताला काम द्या

कॉलेजसाठी ऑनलाइन कोर्स करायचा ठरला की पहिली बैठक बहुतेक वेळा रेकॉर्डिंगवरच होते. कॅमेरा कुठला, माइक कुठला, किती तासांचे व्हिडिओ, पीपीटी कोण करणार. विद्यार्थी दर आठवड्याला नेमकं काय करणार आणि त्यानं केलेलं कोण बघणार, हा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. माझं मत स्पष्ट आहे, हा क्रम उलटा करायला हवा. आधी मुलांना द्यायचं काम ठरवा. मग त्या कामावर अभिप्राय कोण देणार आणि किती दिवसांत देणार ते ठरवा. व्हिडिओ सगळ्यात शेवटी करा. वेळ आणि पैसाही याच क्रमानं खर्च करा.

मी संख्याशास्त्र शिकवते. "मॅडम, व्हिडिओ बघताना सगळं कळत होतं, पेपर हातात आला आणि काहीच सुचेना" हे मी कितीतरी मुलांकडून ऐकलं आहे, आणि त्यात मेहनती मुलंही असतात. ती खरंच सांगत असतात. बघताना त्यांना कळतच असतं. समोरचा माणूस सफाईनं गणित सोडवतो, प्रत्येक पायरी पटत जाते, आणि पटलं म्हणजे आलं असं वाटू लागतं. स्वतः सोडवायला बसेपर्यंत हा फरक लक्षात येत नाही.

यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा एकदाच वाचला आणि मग तो न बघता, आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिलं तर दोनदा वाचलेला उतारा जास्त लक्षात होता, ८१ टक्के, आणि लिहून काढलेला ७५ टक्के. पण आठवडाभरानं चित्र पालटलं. दोनदा वाचलेल्यातलं ४२ टक्के उरलं होतं, आठवून लिहिलेल्यातलं ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, नोकरीत तर कामच वर्षांनी पडतं, तरीही आपले बहुतेक ऑनलाइन कोर्स 'पुन्हा बघा' याच एका सोयीवर उभे आहेत. रेकॉर्डिंग कायम उपलब्ध आहे, कितीही वेळा बघा, हे आपण मोठ्या अभिमानानं सांगतो.

म्हणून कोर्समध्ये पहिली जागा क्विझला द्यावी, असं मला वाटतं. शेवटी ठोकून दिलेली वीस प्रश्नांची क्विझ नव्हे. दर आठवड्याला छोटी, मार्क अगदी थोडे, पुन्हा सोडवायची मुभा, आणि निम्मे प्रश्न मागच्या आठवड्यांचे. मागचं मधूनमधून पुन्हा वर काढलं तर ते टिकतं, हे हर्मान एबिंगहाउसनं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. पण छापील सिलॅबसमध्ये एक युनिट संपलं की संपलं, आणि ऑनलाइन कोर्सही तसाच बांधला जातो.

प्रश्न कसा असावा यावर मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळी मेहनत इथेच आहे. 'मध्यक म्हणजे काय?' हा प्रश्न मला नको. तो व्हिडिओत सातव्या मिनिटाला सापडतो, मुलं तिथे जाऊन उत्तर उचलतात. त्याऐवजी मी पाच जणांची महिन्याची कमाई देते, हजारांत : ३०, ४००, २०, ३५, १५. यांचा मध्यक किती? पर्यायांत ३०, १०० आणि २० हे तिन्ही आकडे हवेत. ३० बरोबर, कारण आकडे चढत्या क्रमानं लावले की मधोमध ३० येतो. १०० निवडणाऱ्यानं सरासरी काढली. २० निवडणाऱ्यानं आकडे चढत्या क्रमानं न लावताच मधला उचलला. या दोन अगदी वेगळ्या चुका आहेत, त्यांना 'चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' असं एकच उत्तर देऊन भागत नाही. पहिल्याला सरासरी आणि मध्यक यांतला फरक दाखवावा लागतो, दुसऱ्याला फक्त एक पायरी आठवून द्यावी लागते. मूडलसारख्या एलएमएसमध्ये, म्हणजे ऑनलाइन कोर्स चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रत्येक पर्यायासाठी वेगळा अभिप्राय लिहायची सोय असते. ती वापरलेली फार क्वचित दिसते. आणि त्यानंतरचा खरा प्रश्न : या पाच जणांची कमाई साधारण किती, हे कुणाला सांगायचं झालं तर सरासरी सांगाल की मध्यक, आणि का? दोन ओळींत लिहा. इथे मुलाला विचार करावाच लागतो.

चुकीचे पर्याय कल्पनेतून आणायचे नाहीत. जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढा, मुलं खरोखर कुठे चुकतात ते बघा आणि त्याच चुका पर्यायांत ठेवा. शिक्षकाचा अनुभव असा प्रश्नांत उतरतो. हे काम स्टुडिओ करू शकत नाही.

आता व्हिडिओ. २०१४ साली फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावरच्या चार कोर्समधली व्हिडिओ बघण्याची ६९ लाख सत्रं तपासली. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघण्याचा मध्यक वेळ सहा मिनिटांच्या वर जात नव्हता. हा आकडा पुढे सगळीकडे पोचला, आणि त्याचा अर्थ लोकांनी असा लावला की तासाचं लेक्चर घ्यायचं आणि दहा तुकडे करायचे. त्या तिघांचा सल्ला तसा नव्हता. वर्गातलं लेक्चर कितीही उत्तम रेकॉर्ड केलं आणि नंतर कापलं तरी ते मुळापासून छोटं आखलेल्या व्हिडिओइतकं धरून ठेवत नाही, आखणी रेकॉर्डिंगच्या आधी करा, असं ते सांगत होते. शिवाय झगमगीत स्टुडिओपेक्षा साध्या, समोर बसून बोलल्यासारख्या व्हिडिओंकडे मुलं जास्त वेळ टिकत होती. अर्थात, व्हिडिओ किती वेळ बघितला यावरून किती शिकले ते कळत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. माझा नियम एवढाच : एका व्हिडिओत एका प्रश्नाचं उत्तर, आणि तो संपताच करायला काहीतरी.

स्लाइडवर लिहिलेला मजकूर तसाच्या तसा वाचून दाखवू नका. डोळे वाचतात, कान ऐकतात आणि दोघं एकमेकांच्या आड येतात. रिचर्ड मेयर यांनी यावर अनेक वर्षं प्रयोग केले आहेत. शोभेसाठी टाकलेली चित्रंही शिकण्यात अडथळा आणतात, हे त्यांनीच दाखवून दिलं. सबटायटल मात्र हवीतच, आणि ती चालू-बंद करता यायला हवीत. ज्याला ऐकू येत नाही त्याला ती लागतात, ज्याला शिकवण्याची भाषा नवी आहे त्यालाही लागतात.

अर्ध्यावर कोर्स सोडून जाण्याबद्दल बरंच बोललं जातं. २०११ साली सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा १ लाख ६० हजारांच्या आसपास लोकांनी नाव नोंदवलं आणि साधारण २३ हजार शेवटपर्यंत पोचले. पुढे २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या कोर्सचं विश्लेषण आलं. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी ३.१३ टक्के लोकांनीच कोर्स पूर्ण केला होता, पण ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राची वाट धरली त्यांच्यात हे प्रमाण ४६ टक्के होतं. व्हिडिओ दोघांनाही तेच होते. पैसे भरणारा माणूस मुळातच जास्त ठाम असतो हे खरं, म्हणून यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये. पण कोर्स टिकवून धरणारी गोष्ट व्हिडिओच्या पलीकडे कुठेतरी आहे, एवढं तरी यातून दिसतं.

कॉलेजच्या मुलांना क्रेडिट हवं असतं, त्यामुळे ती नाव काढून घेत नाहीत. ती आतल्या आत गळतात. लॉगिन होतं, हजेरी लागते, व्हिडिओ दुसऱ्या टॅबमध्ये चालू राहतो. हे थांबवायचं तर पहिला आठवडा फार जपून आखावा लागतो. पहिल्या तीन-चार दिवसांतच एक छोटं काम पाठवायला लावा, दहा मिनिटांत होईल असं. ज्यानं पाठवलं त्याला नावानं उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना. ज्यानं पाठवलं नाही त्याला त्याच आठवड्यात मेसेज करा, काय अडलं ते विचारा. पासवर्ड चालत नव्हता, फाइल कुठे टाकायची ते कळलं नव्हतं, घरात फोन एकच होता, अशी साधी कारणं निघतात. महिन्यानं विचारलं तर तोच मुलगा इतका मागे पडलेला असतो की उत्तरच देत नाही.

"एवढ्या मुलांना एकटी शिक्षिका उत्तरं देणार कशी?" हा आक्षेप रास्त आहे. शंभरावर मुलं असतील तर प्रत्येकाच्या प्रत्येक असाइनमेंटवर लिहिणं अशक्य आहे. मग दर आठवड्याला कुठल्याही वीस-पंचवीस असाइनमेंट नीट वाचायच्या आणि सगळ्या वर्गासाठी एक पानाची टिपण लिहायची : या वेळी बहुतेकांचं कुठे चुकलं, कुणी काय छान केलं, पुढच्या वेळी काय बघा. पुढच्या आठवड्यात दुसरी वीस. त्याबरोबर, काम देतानाच गुण कशाला मिळणार ते लिहून द्यायचं आणि दोन नमुना उत्तरं दाखवायची, एक उत्तम आणि एक बेताचं. नमुने बघून मुलं स्वतःचं उत्तर स्वतः तपासायला शिकतात. एकमेकांची असाइनमेंट तपासायला द्यायची असेल तर आधी हे नमुने त्यांच्याकडून तपासून घ्या, नाहीतर मैत्रीखात्यात सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात. आणि काहीही असो, अभिप्राय पुढची असाइनमेंट द्यायच्या आत पोचला पाहिजे. सेमिस्टर संपल्यावर आलेला अभिप्राय कुणीही उघडून बघत नाही.

चर्चेच्या बाबतीत 'किमान एक पोस्ट आणि दोन प्रतिसाद' हा नियम मला अजिबात पटत नाही. त्यातून 'छान लिहिलंस, मी सहमत आहे' यांच्या रांगा लागतात. पाच-सहा जणांचे गट करा, प्रत्येकाला माहितीचा वेगळा तुकडा द्या आणि सगळ्यांचे तुकडे जुळल्याशिवाय सुटणार नाही असं काम द्या. मग मुलं आपणहून बोलतात.

चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि घरी लिहून आणायच्या निबंधाची पद्धत डळमळली. त्यावर पकडापकडीची सॉफ्टवेअर लावून मुलांशी लढत बसण्यापेक्षा कामाची मांडणी बदला. आधी कच्चा आराखडा, मग स्वतः गोळा केलेली माहिती, मग लिखाण, आणि शेवटी पाच मिनिटं तोंडी : हे असं का लिहिलंस? ही पाच मिनिटं प्रत्येकासाठी काढणं अवघड आहे, पण मूल्यमापनासाठी याहून खात्रीचं काही मला दिसत नाही.

बाकी शिस्तीच्या गोष्टी थोडक्यात. सगळ्या आठवड्यांचा साचा एकच ठेवा, डेडलाइनचा वारही एकच. सूचना एकाच जागी द्या. थोड्या मेलवर, थोड्या ग्रुपवर आणि थोड्या एलएमएसवर दिल्या तर हरवणारच. कोर्स स्वतःच्या फोनवर उघडून बघा, कारण बरीच मुलं तिथेच बघणार आहेत, आणि आडव्या कागदावरची बारीक अक्षरांची पीडीएफ फोनवर वाचता येत नाही. मुलाचे आठवड्याचे तास मोजा : व्हिडिओ, वाचन, क्विझ, असाइनमेंट सगळं धरून. ऑनलाइनमध्ये 'एवढं तर हवंच' करत करत एका कोर्सचा दीड कोर्स कधी होतो ते कळतही नाही.

संस्थाचालकांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, लॉकडाउनमध्ये जे झालं त्यावरून ऑनलाइन शिक्षणाची किंमत ठरवू नका. मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलं होतं की संकटात घाईनं उभं केलेलं शिकवणं वेगळं आणि विचारपूर्वक बांधलेला ऑनलाइन कोर्स वेगळा. विद्यापीठाचा पूर्ण ऑनलाइन कोर्स तयार व्हायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, असं त्यांनी नोंदवलं आहे. शिक्षकाला सुट्टीचे दोन आठवडे देऊन तेवढ्यात कोर्स मागणं हा त्याच्यावर आणि मुलांवर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांच्या रेटिंगची. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना वर्गात स्वतः गणितं सोडवायला लावली ती जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. ज्यांनी सफाईदार लेक्चर ऐकलं त्यांना उलट वाटत होतं. डोकं खाजवावं लागलं की माणसाला आपण मागे पडतोय असं वाटतं. म्हणून मुलांकडून खरं काम करून घेणाऱ्या कोर्सला पहिल्या वर्षी कमी तारे मिळू शकतात. असं झालं तर त्या शिक्षकाच्या पाठीशी उभे राहा, त्याला पुन्हा लेक्चरकडे ढकलू नका. आणि शिक्षकांनीही पहिल्याच आठवड्यात मुलांना हे मोकळेपणानं सांगावं, की इथे अडखळायला होईल आणि ते तसंच आखलेलं आहे.

पुढच्या सेमिस्टरसाठी कुणी कोर्स करत असेल तर एक विनंती. सगळे व्हिडिओ आधी रेकॉर्ड करून टाकू नका. मधला कुठलाही एक आठवडा घ्या आणि तेवढाच पूर्ण बांधा, सूचना, व्हिडिओ, क्विझ, असाइनमेंट, अभिप्राय सगळ्यासकट. मग दोन-तीन विद्यार्थ्यांना तो सोडवायला द्या आणि शेजारी बसा. काही समजावू नका, फक्त ती कुठे थांबतात, कुठली सूचना दोनदा वाचतात, कुठे फोन खाली ठेवतात ते लिहून घ्या. त्या कागदावर जे उतरेल त्याप्रमाणे तो आठवडा दुरुस्त करा आणि मगच बाकीच्या आठवड्यांना हात घाला.