कारण फक्त लाज नाही

स्तनांच्या कॅन्सरवरच्या लेखातलं ‘बायका लाजेपोटी उशिरा येतात’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. माझ्या मावशीला आंघोळ करताना हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली होती. ‘दुखत तर नाही, मग कशाला दाखवायची,’ म्हणून तिने आधी भातलावणी उरकली, मग गणपती. डॉक्टरांनीही हात न लावताच गोळ्या दिल्या. निदान झालं तेव्हा तिसरी स्टेज, काखेतही गाठी.

टाटा मेमोरियलने १९९८पासून मुंबईत दीड लाख बायकांचा अभ्यास केला, तो लेखात यायलाच हवा होता. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे नाही, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, एवढंच. तरी आजार आधीच्या स्टेजला सापडू लागला आणि पन्नाशीपुढच्या बायकांचे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. आमच्या गावात आशाताई घरोघरी येतातच. त्यांना हे शिकवा ना!