दात मोजून सेल्फ जुळत नाही

यवतमाळ-वर्धा पट्ट्यात कापूस जिनिंगकडे निघाला, की उभे असलेले जुने ट्रक पुन्हा रस्त्यावर येतात. मग व्हॉट्सअ‍ॅपवर सेल्फबद्दल, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरबद्दल, हा मेसेज फिरतो: "जुन्या ट्रकला कोणताही सेल्फ चालतो. पिनियनचे दात मोजा, बोल्टची भोकं जुळवा, बसवा. गिअरबॉक्सचा संबंध नाही. 12 व्होल्टचा सेल्फ 24 वर लावला तर उलट जोरात फिरतो. करकर आली तर सेल्फच खराब." हे मानलं तर ऐन हंगामात गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पिनियन म्हणजे सेल्फच्या टोकाचं लहान दातेरी चाक. ते इंजिनच्या जड चाकावरच्या (फ्लायव्हील) दातेरी रिंगमध्ये अडकून इंजिन फिरवतं. दात सारखे मोजले म्हणून माप सारखं होत नाही. 10 दातांचा पिनियन 2.5 मॉड्यूलचा (मॉड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) असेल तर पिच व्यास, म्हणजे दात जिथे एकमेकांत बसतात तिथला व्यास, 25 मिलिमीटर, 3 मॉड्यूलचा असेल तर 30. अशा वेळी दात दातात बसत नाही, त्यावर चढतो. अन् मॉड्यूल जुळलं तरी फ्लायव्हीलचा व्यास उरतोच. जुन्या अमेरिकन शेवरोले व्ही-8 इंजिनांना 153 दातांचं लहान किंवा 168 दातांचं मोठं फ्लायव्हील येतं. दोन्हींच्या सेल्फला दात 9च, पण बोल्टची मांडणी वेगळी, कारण मोठ्या फ्लायव्हीलसाठी सेल्फ बाहेर सरकावा लागतो.

गिअरबॉक्सचा संबंध तर थेट आहे. काही गाड्यांत सेल्फ गिअरबॉक्ससोबत येणाऱ्या बेल हाउसिंगवरच, म्हणजे फ्लायव्हीलभोवतीच्या घंटेसारख्या कवचावरच, बसतो. भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणला, की हाउसिंग बदललं, सेल्फची जागा आणि खोलीही बदलली. इंजिन आणि हाउसिंगमधली प्लेट टाकायची राहिली तरी तेच. पिनियन एकतर रिंगपर्यंत अर्धाच पोचतो, नाहीतर मोकळा असतानाही तिला घासतो.

12 चा सेल्फ 24 वर जोरात फिरतो हे खरं, पण तेवढ्याच जोरात पिनियन रिंगवर आदळतो आणि आर्मेचर (सेल्फच्या आतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळतं.

आता करकर. बंद होताना इंजिन कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेमुळे) ठरावीक जागीच थांबतं: चार सिलिंडरचं दोन जागी, सहाचं तीन जागी. पुढच्या वेळी पिनियन तिथेच आदळतो, म्हणून रिंग तेवढ्याच जागी झिजते. कधी करकर, कधी एकदम सुरू, असं होत असेल तर आधी रिंगवर संशय घ्या. नवा सेल्फ घेण्याआधी बॅटरीची वायर काढा, जुना सेल्फ उतरवा, त्या भोकातून टॉर्च मारा आणि इंजिन हातानं पूर्ण एक फेरी फिरवून प्रत्येक दात बघा. दात तुटलेले असतील तर नवी रिंगच हवी. नुसते झिजले असतील आणि रिंग तापवून बसवलेली असेल, तर चांगला मिस्त्री ती काढून सहा सिलिंडरला 60 अंश, चारला 90 अंश फिरवून बसवू शकतो. दातांची उतार दिलेली बाजू पिनियनकडेच ठेवायला सांगा, आणि रिंग लाल होईस्तोवर तापवू देऊ नका, दात मऊ पडतात.