उसन्या खेळाडूंच्या बळावर उभा राहणारा संघ

नांदेडमधल्या आमच्या जुन्या फुटबॉल संघात सध्या एक वाद पेटला आहे आणि इंग्लंडमधील डर्बी शहरात बसून मी तो फोनवरच्या ग्रुपमध्ये रोज वाचतो आहे. येत्या चषक स्पर्धेसाठी हैदराबाद आणि पुण्याहून सहा-सात खेळाडू आणावेत, त्यांच्या प्रवासाचा, मुक्कामाचा आणि मानधनाचा खर्च एका स्थानिक पुढाऱ्याने उचलावा, असा प्रस्ताव आहे. संघ दरवर्षी सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाद होतो, त्यामुळे प्रेक्षक पाठ फिरवतात आणि प्रेक्षक नसले की देणगीदारही फिरकत नाही, असे प्रस्तावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आहे आणि ते खोटे नाही. विरोधात आमच्या जुन्या प्रशिक्षकांनी, ज्यांना सगळा संघ ‘सर’ म्हणतो, एकच ओळ लिहिली: ‘मंग आपल्या पोरायनं काय निस्त्या बाटल्याच भरायच्या का?’ त्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला उद्देशून लिहिले, ‘भाऊ, तिकडं इंग्लंडात तर सर्रास असंच चालतं, तुम्हीच सांगा सरांना.’

इंग्लंडमध्ये ही पद्धत सर्रास चालते, हे खरेच आहे. मोठ्या क्लबकडे खेळवता येतील त्याहून अधिक खेळाडू असतात. त्यांपैकी काहींना एका हंगामासाठी किंवा अर्ध्या हंगामासाठी लहान क्लबकडे लोनवर, म्हणजे मालकी न सोडता उसने, पाठवले जाते. पगाराचा किती वाटा कोणी द्यायचा, लोनचे शुल्क किती, जानेवारीत खेळाडू परत बोलावता येईल की नाही, हंगाम संपल्यावर त्याला कायमचे विकत घेण्याचा हक्क मिळेल का, दुखापत झाल्यास उपचार कोणाकडे, हे सर्व करारात लिहिलेले असते. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च विभागात, देशांतर्गत लोनवरचे दोनच खेळाडू एका वेळी ठेवता येतात, तर त्याखालच्या तीन विभागांमध्ये एका सामन्याच्या चमूत असे पाच खेळाडू चालतात. म्हणजे ज्या देशाचा दाखला आमचे तरुण मित्र देतात, त्या देशानेही या व्यवहाराला मर्यादा घातली आहे, ही गोष्ट प्रथम नोंदवली पाहिजे.

आता ज्या शहरात मी राहतो, त्याच शहराच्या क्लबचे उदाहरण घेतो. २०१८-१९ च्या हंगामात डर्बी काउंटी दुसऱ्या विभागात खेळत होती आणि तिच्या संघात चेल्सीकडून आलेले मेसन माऊंट आणि फिकायो टोमोरी, तसेच लिव्हरपूलकडून आलेला हॅरी विल्सन असे तीन तरुण लोनवर होते. खेळ पाहताना डोळ्यांचे पारणे फिटत असे. तीस यार्डांवरून विल्सन फ्री किक घ्यायला उभा राहिला की प्राइड पार्क या डर्बीच्या मैदानावरचे लोक आपोआप उठून उभे राहत. २७ मे २०१९ रोजी वेम्बलीवर अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध प्ले-ऑफची अंतिम लढत झाली आणि जिंकणाऱ्याला प्रीमियर लीगमध्ये प्रवेश मिळणार असल्याने त्या एका सामन्याचे मोल सुमारे १७ कोटी पौंड मानले गेले होते. व्हिलाकडूनही टॅमी अब्राहम, टायरोन मिंग्स, अ‍ॅक्सेल तुआन्झेबे आणि अन्वर अल गाझी हे चौघे लोनवरचेच होते. मैदानात उतरलेल्या बावीस जणांपैकी सात जण दुसऱ्याच क्लबच्या मालकीचे. पहिला गोल अल गाझीने केला आणि व्हिलाने सामना २-१ असा जिंकला.

पराभवापेक्षा त्यानंतरचा उन्हाळा डर्बीला अधिक जड गेला. माऊंट आणि टोमोरी चेल्सीला परतले आणि त्यांच्यामागोमाग प्रशिक्षक फ्रँक लॅम्पार्डही तिकडेच गेले. पुढे माऊंट चॅम्पियन्स लीग जिंकला, २०२३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याच्यासाठी साडेपाच कोटी पौंडांहून अधिक रक्कम चेल्सीला मोजली; टोमोरी ए. सी. मिलानकडे गेला आणि तेथे इटलीचा विजेता ठरला. या दोघांना दर आठवड्याला प्रौढ, आडदांड खेळाडूंशी झुंजण्याचा सराव डर्बीने दिला, त्यांच्या चुका डर्बीच्या गुणतक्त्याने सोसल्या, आणि त्यांच्या विक्रीचा लाभ मात्र चेल्सीला झाला. याच अंतिम सामन्यात डर्बीच्या उजव्या बचावफळीत जेडन बोगल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता, जो क्लबच्या स्वतःच्या अकादमीतून वर आला होता. पुढच्याच वर्षी शेफील्ड युनायटेडने त्याला विकत घेतले आणि ते पैसे डर्बीच्या तिजोरीत आले. कामावरच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने त्या हंगामात पाठीवर माऊंटचे नाव असलेला शर्ट हट्टाने घेतला होता; ऑगस्टमध्ये नवा हंगाम सुरू झाला तेव्हा तो माऊंट चेल्सीकडून खेळत होता आणि त्या पोराला तो शर्ट घालून मैदानावर यायला संकोच वाटत होता. प्रेक्षकाचे प्रेम कराराच्या मुदतीत बसत नाही, याचा हिशोब कोणत्याही क्लबच्या ताळेबंदात मांडला जात नाही.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की डर्बीची पुढची वाताहत लोनमुळे झाली नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये क्लब दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला, त्याचे एकंदर २१ गुण कापले गेले आणि २०२२ मध्ये तो तिसऱ्या विभागात घसरला. त्याची मुळे उत्पन्नापेक्षा कितीतरी अधिक खर्च करण्यात होती. मात्र लोनवरच्या खेळाडूंनी एक वर्षभर या दुखण्यावर पांघरूण घातले, असे मला ठामपणे वाटते. एक पायरी चढलो की सगळे कर्ज फिटेल, या आशेवर क्लब तगून राहिला आणि ती पायरी हुकल्यावर हाती काहीच उरले नाही. व्हिलाचा जुगार जिंकला, म्हणून मिंग्स आणि अल गाझीला कायमचे विकत घेण्याइतका पैसा त्यांच्याकडे आला. एकाच मार्गाने चाललेल्या दोन क्लबांपैकी एकाचे शहाणपण नव्वद मिनिटांनी सिद्ध झाले आणि दुसऱ्याचे फसले.

वेस्ट ब्रॉमविच या क्लबचा अनुभवही येथे सांगण्याजोगा आहे. २०१२-१३ मध्ये चेल्सीकडून लोनवर आलेल्या रोमेलू लुकाकूने त्यांच्यासाठी लीगमध्ये १७ गोल केले आणि क्लब आठव्या स्थानावर पोहोचला. पुढच्या वर्षी लुकाकू नव्हता आणि तोच क्लब सतराव्या स्थानावर, म्हणजे पदावनतीपासून, खालच्या विभागात घसरण्यापासून, केवळ एक पायरी वर राहिला. इतर कारणेही असतील, पण ज्या संघाचे गोल एकाच उसन्या पायातून येतात, त्या संघाने त्या वर्षभरात दुसरा आघाडीवीर तयार केला नाही, हा दोष लुकाकूच्या माथी मारता येत नाही.

दुसरी बाजू खेळाडूची आहे आणि ती आमच्या ग्रुपवरच्या वादात कोणीच मांडलेली नाही. हॅरी केन आज इंग्लंडचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू आहे. पण टॉटनहॅममध्ये जम बसण्यापूर्वी तो लेटन ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच आणि लेस्टर अशा चार क्लबांत लोनवर फिरला. अठरा वर्षांच्या मुलाला राखीव संघातल्या गुळगुळीत सामन्यांतून जे मिळत नाही, ते तिसऱ्या विभागातल्या चिखलात, पदावनतीच्या भीतीने खेळणाऱ्या माणसांमध्ये मिळते. त्यामुळे लोन ही मुळात वाईट प्रथा आहे, असे मी म्हणणार नाही. वाईट आहे ती साठेबाजी. एके काळी चेल्सीचे चाळीसच्या आसपास खेळाडू एकाच हंगामात ठिकठिकाणी लोनवर होते, आणि त्यांतल्या बहुतेकांना चेल्सीच्या मुख्य संघाचे दार कधीच उघडले नाही. वॉटफर्डने २०१२-१३ मध्ये दुसऱ्या टोकाची गोष्ट केली: मालक कुटुंबाच्याच उदिनेसे आणि ग्रानाडा या क्लबांतून अनेक खेळाडू लोनवर आणले, प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली आणि तेथे क्रिस्टल पॅलेसकडून हार पत्करली, त्यानंतर इंग्लंडमधील नियम आवळले गेले. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेनेही १ जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आणली. आरंभी आठ, मग सात आणि २०२४ पासून सहा, इतकेच खेळाडू एका क्लबला एका हंगामात घेता किंवा देता येतात. एकवीस वर्षांपर्यंतचे आणि क्लबने स्वतः घडवलेले खेळाडू मात्र या मोजणीतून वगळले आहेत, म्हणजे शिकण्यासाठी होणारे लोन मोकळे ठेवून व्यापारी लोनला आळा घातला आहे. ही विभागणी मला न्याय्य वाटते.

मराठवाड्यात कोणताही वाद विदर्भाशी तुलना केल्याशिवाय पुरा होत नाही, मग तो अनुशेषाचा असो की खेळाचा, आणि या वेळी ती तुलना उपयोगाची आहे. रणजी स्पर्धेत प्रत्येक संघाला बाहेरचे मोजकेच व्यावसायिक खेळाडू घेता येतात. विदर्भाने मुंबईचा वसीम जाफर आणि कर्नाटकचा गणेश सतीश यांना घेतले, चंद्रकांत पंडितांना प्रशिक्षक नेमले आणि २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. पण पहिल्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी, कर्णधार फैज फजल, यष्टिरक्षक अक्षय वाडकर, फिरकीपटू आदित्य सरवटे ही सगळी घरचीच मंडळी होती. २०२३ मध्ये कर्नाटकचा करुण नायर आला, २०२४-२५ मध्ये विदर्भ पुन्हा जिंकला आणि नंतर नायर आपल्या राज्यात परत गेला. त्याच २०२४-२५ च्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम करणारा हर्ष दुबे मात्र विदर्भाचाच आहे. त्या अंतिम सामन्यात केरळकडून खेळायला कोण उतरले होते, तर आदित्य सरवटे. ज्या प्रदेशाने पाहुणे आणले, त्याच प्रदेशाचा खेळाडू आता दुसऱ्यांकडे पाहुणा म्हणून जातो, इतके त्या काही वर्षांत तेथे पिकले. पाहुणे दोन-तीन होते आणि आठ-नऊ जागा घरच्यांसाठी होत्या, ही गोष्ट नांदेडच्या प्रस्तावात पूर्ण उलटी झाली आहे.

आमच्याकडे प्रत्यक्षात काय होते, ते मी एका सुटीत पाहिले आहे. एका चषकाच्या अंतिम सामन्याला एका संघाने हैदराबादचे पाच खेळाडू सकाळच्या गाडीने बोलावले होते. नांदेडला फुटबॉलसाठी मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे, त्यामुळे यात नवल काही नव्हते. त्यांना संघातल्या इतरांची नावे ठाऊक नव्हती; चेंडू मागताना ते ‘ए सात नंबर’, ‘ए अकरा’ अशा हाका मारत होते. साखळीतले सगळे सामने खेळलेला डावा बचावपटू, आयटीआयमध्ये शिकणारा एक सडपातळ पोरगा, ट्रॅकसूट न काढता बाकावर बसून होता आणि मध्यंतरात वीस लिटरच्या जारमधून बाटल्या भरत होता. संघ जिंकला. बक्षीस समारंभाआधीच पाहुण्यांनी पाकिटे घेतली आणि ते स्टेशनकडे निघाले; त्यांतल्या एकाचा घोटा सुजून टम्म झाला होता, दोघांनी त्याला उचलून ऑटोत बसवले. त्याच्या एक्स-रेचा खर्च कोण देणार, हे विचारायला तेथे कोणी नव्हते, कारण कागद नव्हता, विमा नव्हता आणि तो खेळाडू दुसऱ्या दिवशी कोणत्या संघाचा, हेही ठरलेले नव्हते. इंग्लंडच्या व्यवस्थेचा दाखला देणाऱ्यांनी तिच्यातला करार आणि उपचार वगळून फक्त खेळाडूंची आवक तेवढी उचलली आहे.

उसना खेळाडू आपल्या पोराची जागा घेतो की रिकामी जागा भरतो, हा माझ्या दृष्टीने खरा प्रश्न आहे. आमच्या संघाकडे गेल्या काही हंगामांत उंच, अनुभवी मध्य बचावपटू नाही आणि गोलरक्षक तर हौशीच आहे. या दोन जागांवर बाहेरची माणसे आणायला सरांचाही विरोध नसावा, असे मला त्यांच्याशी फोनवर बोलताना जाणवले. पण ती माणसे अंतिम सामन्याच्या सकाळी नव्हे, सरावाच्या पहिल्या दिवशी आली पाहिजेत. गोलरक्षकाने आमच्या दोन पोरांना रोज अर्धा तास शिकवावे, अशी अट त्याच्या मानधनातच घालावी. डाव्या बचावफळीत, मध्यरेषेवर, बगलेवर आमची मुले आहेत. ती हरतील, पण त्यांना खेळवल्याशिवाय ती जिंकणार कशी?

पुढाऱ्याच्या पैशाबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. सात खेळाडूंवर तीन आठवड्यांत जो खर्च होणार आहे, त्यात पंधरा वर्षांखालच्या मुलांचा संघ वर्षभर चालतो, म्हणजे बूट, चेंडू, मैदानाची आखणी आणि बाहेरगावच्या स्पर्धांना जाण्याचा प्रवासखर्च निघतो. देणगीदाराला फलकावर नाव हवे असेल तर ते त्या संघाच्या शर्टावरही लावता येईल. चषक जिंकण्याच्या अटीवरच पैसा मिळणार असेल, तर या वर्षी तो नाकारावा, असे मी ग्रुपवर स्पष्ट लिहिले आहे आणि त्यावर दोन्ही बाजूंची मंडळी नाराज आहेत.

परदेशात असलेले आम्ही काही माजी खेळाडू दरवर्षी संघाला वर्गणी पाठवतो. यंदा ती रक्कम एकाच कामासाठी वापरावी, अशी विनंती मी सरांना आणि कार्यकारिणीला केली आहे: संघाचा शर्ट घालून मैदानात उतरणाऱ्या प्रत्येक खेळाडूचा, मग तो नांदेडच्या वजिराबादचा असो की हैदराबादचा, अपघात विमा हंगामापूर्वी काढावा आणि बाहेरून येणाऱ्या दोघांशी एक पानाचा का होईना, लेखी करार करावा. त्याचा मराठी मसुदा मी तयार करून पाठवला आहे. मानधनाच्या रकमेची जागा त्यात कोरी ठेवली आहे, ती कार्यकारिणीने भरायची आहे.