मार्चअखेर आणि न उघडलेला डबा
ताण आला की दीर्घ श्वास घ्या, हे ताणावरच्या एका लेखात वाचलं आणि पटलं. पण ताण आलाय हे कळायलाच मला दोन वर्षं लागली. मी बँकेत आहे. मार्चअखेरीला डबा न उघडताच घरी यायचा, रात्री तीनला जाग, छातीत धडधड. ईसीजी नॉर्मल निघाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कुणाशी बोलता का?" बोलत नव्हतो, मुलीवर खेकसत होतो. माझी चाहूल लागली की ती टीव्ही बंद करायची. ते अजून मनाला लागतं.
शेवटी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन केला. २०२२ पासूनची सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. झोप उडाली असेल त्यांनी हा नंबर जरूर लिहून ठेवा. डबा आता रोज रिकामा घरी येतो.