सगळी गाणी द्या, निवडत बसू नका

परवा एका मित्राशी मेसेजवर जवळजवळ दोन तास वाद झाला, विषय काय तर लिलिपुट या बँडचं दोन सीड्यांचं कंपायलेशन, म्हणजे विखुरलेल्या गाण्यांचा संग्रह. तो म्हणाला, अगं ४६ गाणी आहेत, त्यातली २५ ठेवली असती तर कसलं जबरदस्त रेकॉर्ड झालं असतं, बाकीची नुसती भरती आहे. मी तेव्हा तुटक तुटक उत्तरं दिली पण विषय डोक्यातून जातच नाहीये म्हणून इथे नीट लिहितेय, लांब होणार आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. लिलिपुट हा झुरिकचा बायकांचा पंक बँड, १९७८ ला सुरू झाला तेव्हा नाव क्लीनेक्स होतं, मग टिश्यूपेपरच्या कंपनीने हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. १९८३ ला संपला. गिटारवर मार्लेन मार्डर, बासवर क्लाउडिया शिफ, या दोघी शेवटपर्यंत होत्या, गाणाऱ्या मात्र बदलत गेल्या, मधेच सॅक्सोफोन आला, शेवटी व्हायोलिन आलं. काही सिंगल्स (म्हणजे थोड्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड) आणि दोन अल्बम, एवढाच त्यांचा संसार. १९९३ मध्ये ते सगळं स्वित्झर्लंडमध्येच दोन सीड्यांवर एकत्र निघालं आणि २००१ मध्ये किल रॉक स्टार्स या अमेरिकन लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, परत काढलं, तेव्हा कुठे बाहेरच्या बऱ्याच लोकांपर्यंत ते पोचलं.

आता ४६ का हवीत. ज्या बँडचे सगळे अल्बम कधीही, कुठेही मिळतात त्याचं निवडक काढा ना, बिनधास्त काढा, ज्याला आवडेल तो पुढचं शोधून ऐकेल. पण ज्या बँडचं दुसरं काहीच हाताला लागत नाही त्याच्या कंपायलेशनमध्ये जे गाळलं ते गेलंच की. मूळ सिंगल थोड्याच निघालेल्या असतात, त्यातल्या किती तरी खराब झालेल्या, उरलेल्या डिस्कॉग्स या जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या साइटवर अशा भावाने की घेणारा ती ऐकणार कमी आणि जपणार जास्त.

आणि दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अशा बँडमधली ही सगळी माणसं लोकांसमोर वाजवत वाजवत वाजवायला शिकली. आधी दहा वर्षं रियाज आणि मग स्टेज असं इथे नाहीच. क्लीनेक्सची पहिली गाणी ऐका, एक रिफ, एक आरोळी, ड्रम सरळ ठाकठूक, आणि दोघीतिघी एकमेकींच्या अंगावर ओरडतायत, त्यात इतका आनंद आहे की दुसरा कॉर्ड येतो की नाही याची फिकीरच राहत नाही. मग दोनेक वर्षांत 'दी मात्रोझन' येतं, त्यात कोरसच्या जागी शीळ आहे, सॅक्सोफोन आहे, आणि मधे मोकळी जागा सोडायला त्या शिकल्यात. आणि १९८३ च्या दुसऱ्या अल्बमपर्यंत पोचलं की आवाजात एक वेगळंच सावट. माझ्या मित्राला जी गाणी भरती वाटतात ती बहुतेक या टप्प्यांच्या मधली आहेत, अर्धवट जमलेली, एखादी कल्पना पकडायला गेल्या आणि ती निसटली अशी. ती काढलीत तर बँड पहिल्या टोकावरून एकदम शेवटच्या टोकाला टुणकन उडी मारतो आणि मधे काय झालं ते कळतच नाही. मला ते मधलं ऐकायचं असतं.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला विचारच मुळी तो होता ना. १९७७ मध्ये लंडनच्या डेस्परेट बायसिकल्स या बँडने स्वतःच्या लेबलवर पहिली सिंगल काढली, ५०० प्रती, खर्च १५३ पौंड, आणि पुढच्या सिंगलच्या कव्हरवर हा हिशोब छापून लोकांना सांगितलं की सोपं आहे, स्वस्त आहे, तुम्ही पण करा. पैसे वाचवायला त्या पहिल्या सिंगलच्या दोन्ही बाजूंना तीच दोन गाणी आहेत. पुढच्या वर्षी स्क्रिटी पॉलिटी या बँडनेही आपल्या पहिल्या सिंगलच्या कव्हरवर स्टुडिओचं भाडं, मास्टरिंग, प्रेसिंग, रेकॉर्डवरची कागदी लेबलं, कशाला किती पडले ते लिहिलं. ते बघून कुणी कुणी काय काय काढलं असेल विचार करा. म्हणजे ज्या पंक चळवळीने सांगितलं की कच्चं असलं तरी बाहेर काढा, तिच्यातल्याच बँडचं ४० वर्षांनी फक्त पक्कं तेवढं निवडायचं हे मला काही केल्या पटत नाही.

बर्मिंगहॅमचे प्रीफेक्ट्स घ्या. १९७७ मध्ये क्लॅश या नावाजलेल्या पंक बँडबरोबर व्हाइट रायट टूरवर होते, पण बँड चालू असेपर्यंत एकही रेकॉर्ड निघालं नाही, बँड तुटल्यावर १९८० मध्ये रफ ट्रेड लेबलने एक सिंगल काढली, बस. मग मागे उरलं काय तर बीबीसी रेडिओवर जॉन पील या निवेदकाच्या कार्यक्रमासाठी केलेली सेशन्स, म्हणजे रेकॉर्डिंग. ही सेशन्स साधारण एका दिवसात उरकायची, आलात, वाजवलंत, मिक्स झालं, घरी जा. २००४ मध्ये अक्यूट रेकॉर्ड्सने मुख्यतः त्याच टेप्सवरून त्यांची सीडी काढली आणि न झालेला अल्बम इतक्या वर्षांनी झाला. इथे निवडायचं काय होतं? जे होतं ते सगळं दिलं आणि त्यामुळेच आज तो बँड आपल्याला बँड म्हणून ऐकू येतो, नाहीतर रॉबर्ट लॉइड नंतर नाइटिंगेल्समध्ये गेला तो आधी कुठे होता एवढ्या एका ओळीत त्यांचा विषय मिटला असता.

पण सगळं द्या म्हणजे कसंही ओता असं मी म्हणत नाहीये, जादा गाण्यांनी रेकॉर्डचा परिणाम बिघडू शकतो हा मित्राचा मुद्दा मला मान्य आहे. कार्डिफचे यंग मार्बल जायंट्स. अ‍ॅलिसन स्टॅटन, स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सम, तिघंच, ड्रमर नाही, ड्रम मशीनचा ठेका कॅसेटवर. 'कोलोसल यूथ' १९८० चा. त्या अल्बममध्ये जेवढं वाजतं त्याहून जास्त जागा शांततेची आहे, गिटार दाबून धरलेली, बास पुढे, आवाज अगदी शेजारी बसून गुणगुणल्यासारखा. शेवटचं गाणं शब्दांशिवायचं आहे, ते संपलं की मला दोनेक मिनिटं काही नको असतं. आणि आधीच्या एका सीडीवर काय केलं होतं, त्याच डिस्कवर पाठोपाठ सिंगल आणि ईपी (अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) जोडून टाकले होते! गाणी चांगलीच आहेत हो, 'फायनल डे' तर दोन मिनिटांच्या आत अंगावर काटा आणतं, पण अल्बमचा शेवट झाला न झाला तोच पुढचं सुरू, त्यामुळे सगळा परिणाम गेला. २००७ ला डोमिनो लेबलने काढलं तेव्हा अल्बम वेगळ्या डिस्कवर ठेवला आणि डेमो, सिंगल वगैरे दुसरीकडे. गाणी तीच पण आता कुठे थांबायचं ते कळतं. सगळं असावं पण बँडने स्वतः जे पूर्ण म्हणून ठरवलं त्याच्या मधे किंवा मागे लगेच काही चिकटवू नये, एवढी एकच अट माझी.

एडिनबरोच्या 'जोसेफ के' या बँडचं प्रकरण तर यावर भांडायला उत्तमच. पोस्टकार्ड लेबलसाठी 'सॉरी फॉर लाफिंग' नावाचा आख्खा अल्बम रेकॉर्ड केला, मग फारच गुळगुळीत झालाय म्हणून तो बासनात ठेवला, ब्रसेल्सला जाऊन परत रेकॉर्डिंग केलं आणि १९८१ मध्ये 'दी ओन्ली फन इन टाउन' निघाला, त्यात गिटार इतक्या धारदार आणि आवाज इतका आत दाबलेला की तेव्हा बऱ्याच जणांना तो आवडला नाही. थोड्याच दिवसांत बँडही संपला. नंतर दोन्ही रूपं रीइश्यूमुळे, म्हणजे परत काढल्यामुळे, ऐकायला मिळाली. आता कुठलं खरं? मला दुसरं, घाईचं, जास्त आवडतं. पण हे मी म्हणू शकते कारण पहिलंही मला मिळालं. उद्या कुणी म्हणालं की बँडने टाकून दिलेलं कशाला काढायचं, तर प्रश्न योग्य आहे, आणि माझं उत्तर एवढंच की बँडमधली माणसं हो म्हणत असतील तर काढा. नाही म्हणत असतील तर नाही. डेस्परेट बायसिकल्सचं अधिकृत कंपायलेशन कित्येक दशकं निघालं नाही, आणि मला ते कितीही हवं असलं तरी त्या माणसांना डावलून कुणी चोरून काढलेली बूटलेग मी घेणार नाही.

आवाजाबद्दल बोललं पाहिजे कारण खरी फसवणूक तिथे होते. मूळ मास्टर टेप असेल तर उत्तम. पण सत्तरच्या दशकातल्या बऱ्याच टेप्सचं असं होतं की त्यावरचा चिकटवणारा थर हवेतलं पाणी शोषून चिकचिकीत होतो, मशीनवर लावली तर टेप ओरखडत जाते आणि ऑक्साइड निघून येतं. मग ती टेप पन्नासेक अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजतात, हो, भाजणं असंच म्हणतात त्याला, आणि मग ती काही दिवस नीट चालते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. हे काम वेळेचं आणि पैशाचं आहे. आणि टेप हरवलीच असेल तर चांगली सिंगल शोधून तिच्यावरून घ्यावं लागतं. त्यात काहीच वाईट नाही, फक्त ते लिहा! मी एकदा एका छोट्या बँडचा सेट घेतला, बुकलेटमध्ये टेपचा की रेकॉर्डचा एक शब्द नाही, ऐकलं तर खरखर काढायच्या नादात झांजांचा सगळा जीव काढून टाकलेला आणि वर आवाजाची पातळी इतकी चढवलेली की हळू आणि जोरात सारखंच. त्यापेक्षा सुईची खरखर परवडली. मार्बल जायंट्ससारख्या बँडला असं चढवलं तर मग काय उरतं, त्यांचं तर अर्धं गाणं शांततेत आहे.

आणि विनाइल रेकॉर्डच्या हट्टापायीही गाणी गळतात हे लोक लक्षात घेत नाहीत. एलपीच्या एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटं बरी बसतात, त्याहून जास्त भरलं की आवाज बारीक करावा लागतो. सीडीवर ८० मिनिटं जातात. म्हणजे सीडीचं तेच कंपायलेशन एका एलपीवर आणलं की निम्मं कापलं. मला रेकॉर्ड आवडतं, हातात धरायला आवडतं, पण अशा बँडसाठी मी सीडी घेते.

पैशाचंही बोलूया. न्यूयॉर्कमधल्या साउथ ब्राँक्सचा ईएसजी हा स्क्रॉगिन्स बहिणींचा बँड, त्यांच्या १९८१ च्या पहिल्या रेकॉर्डवरचं 'यूएफओ' इतक्या हिपहॉप गाण्यांत सॅम्पल झालं, म्हणजे त्याचा तुकडा उचलून वापरला गेला, की ते न ऐकलेला माणूस सापडणं कठीण, पण बँडचं नाव किती जणांना माहीत होतं? त्यांनी १९९२ मध्ये ईपी काढला त्याचं नावच असं ठेवलं की सॅम्पलच्या श्रेयाने आमची बिलं भरली जात नाहीत. २००० मध्ये सोल जॅझ लेबलवाल्यांनी 'अ साउथ ब्राँक्स स्टोरी' काढलं तेव्हा तो आवाज कुणाचा ते लोकांना सलग कळलं. कुठलंही रीइश्यू हातात आलं की मी आधी शेवटच्या पानावर बघते, गाणी कुणाकडून परवानगीने घेतली ते लिहिलंय का, लायनर नोट्समध्ये (सोबतच्या माहितीत) बँडमधलं कुणी बोललंय का. नसेल तर ठेवून देते.

अनेक बँडच्या एकत्र कंपायलेशनला मात्र मी वेगळा न्याय लावते, तिथे निवड लागतेच. तरीसुद्धा माझं सगळ्यात आवडतं आहे चक वॉर्नरच्या हाइप्ड टू डेथ लेबलची 'मेस्थेटिक्स' मालिका. सुरुवातीला बँडच्या नावाच्या अक्षरक्रमाने, पुढे प्रदेशाप्रमाणे, एकेकाळी ब्रिटनमधल्या कुठल्या तरी गल्लीत निघालेल्या सिंगल्स एकामागून एक. नाव झालेले बँड पुढे आणि बाकीचे मागे असं नाही. अक्षर आलं की तुमचा नंबर. त्यामुळे मी असे बँड ऐकले जे मी स्वतःहून जन्मात शोधले नसते.

शेवटी पायलॉन हा बँड. अमेरिकेतलं अथेन्स, जॉर्जिया, आर्ट स्कूलची मुलं, १९८० चा 'जायरेट', १९८३ चा 'चॉम्प', आणि त्याच वर्षी मजा येईनाशी होतेय म्हणून स्वतःच थांबले. २०२० मध्ये न्यू वेस्ट लेबलने चार रेकॉर्डांचा बॉक्ससेट काढला, सोबत २०० पानांचं पुस्तक. दोन्ही अल्बम स्वतःच्या जागी अख्खे, किरकोळ गाणी एका वेगळ्या रेकॉर्डवर, आणि एका रेकॉर्डवर 'रॅझ टेप', म्हणजे १९७९ मधलं, पहिल्या अल्बमच्याही आधीचं रेकॉर्डिंग. गिटारवाला रँडी बेवली २००९ मध्ये गेला, त्याला हा सेट बघायला मिळाला नाही. त्या टेपवर तो नंतर अल्बममध्ये गेलेलीच काही गाणी वाजवतोय, अजून पुरती न बसलेली, गायिका व्हनेसा ब्रिस्को-हे मधेच आवाज चढवते आणि तो गिटारने तिच्या मागे धावतो. निवडक सेट असता तर सगळ्यात आधी हीच टेप कापली गेली असती, कारण चांगली रूपं अल्बमवर आहेतच.

मित्राला मी काल रॅझ टेप पाठवलीये. आणि लिलिपुटची दुसरी सीडी परत एकदा सलग, मधे गाणी न गाळता ऐक असं सांगितलंय. बघू काय म्हणतो.