प्रतिसाद : लेन्स खराब नव्हती

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. दव बसू नये म्हणून हीटर बेल्ट दिला, पण तो ज्यावर चालतो ती पॉवर बँक बॅगेत टाकायची राहिली. चूक आमचीच, माफ करा. बेल्टचं भाडं १५० रुपये परत पाठवतो.

पण ‘२४ एमएमची लेन्स खराब दिली, सगळे तारे रेघांसारखे आले’ हे फार लागलं. नौपाड्यातलं भाड्याच्या लेन्सचं छोटं दुकान अशा एका वाक्याने बसतं हो. तुम्हीच टाकलेला फोटो मोठा करून बघा. सगळ्या रेघा एकाच दिशेला, मधोमध आणि कोपऱ्यात सारख्याच लांबीच्या. आतली काच सरकलेली असती तर एकच बाजू फिसकटली असती. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे एफ १.४ ला, की कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, पण मधल्यांना नाही. तुमच्या रेघा पृथ्वीच्या फिरण्याच्या आहेत. शटर ३० सेकंद होतं, फोटोच्या माहितीत दिसतंय. तुमची बॉडी (कॅमेरा) क्रॉप सेन्सरची, म्हणजे लहान सेन्सरची. तारे ठिपक्यांसारखे यायला शटर किती ठेवायचं याचा ‘५०० चा नियम’ आहे: २४ ला दीडने गुणलं की ३६, आणि ५०० ला ३६ ने भागलं की जेमतेम १४ सेकंद. मृगाच्या पट्ट्यातला तारा ३० सेकंदांत २४ मेगापिक्सेलच्या फोटोत साधारण १३ पिक्सेल सरकतो. हा हिशेब बॅगेतल्या कार्डावर होता. कार्ड परत आलं ते प्लॅस्टिकसकट, न उघडलेलं.

आकाशगंगा आली नाही म्हणाल तर कच्छच्या रणात धोर्डोला तुम्ही दत्तजयंतीच्या रात्री होतात. पौर्णिमा! पांढरं रण बघायला झकास, ताऱ्यांना नाही. त्यातून डिसेंबरात सूर्यच धनू राशीच्या बाजूला असतो, म्हणजे आकाशगंगेचा दाट भाग सूर्याबरोबरच मावळतो. तो हवा असेल तर मार्चची अमावस्या धरा, पहाटे साडेचारनंतर आग्नेयेला. तारीख आम्ही काउंटरवर विचारली होती, तुम्ही ‘टेंट बुक झालाय’ म्हणालात.

डिपॉझिटमधून कापलेले ८०० सफाईचे. फोकस रिंगच्या खाचांत मीठ बसलं होतं, रिंग फिरवली की करकर. वाळू ब्लोअरने उडते. मीठ आपल्याकडच्या दमट हवेत पाणी धरतं आणि माउंट (लेन्स बॉडीला जोडायची धातूची कडी) गंजतो, म्हणून लेन्स उघडावी लागली. रविवारी रात्री ८ ला यायची ती सोमवारी दुपारी आली, त्याचे पैसे धरलेले नाहीत, हेही लिहिलं असतंत तर बरं झालं असतं.

यापुढे बॅग तपासूनच देऊ, तारखेचंही काहीतरी ठळक लावू. बॉडी घेऊन या. व्याधाच्या ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू (मागचा स्क्रीन) १० पट करून फोकस कसा लावायचा आणि मग रिंगला टेप कशी मारायची, दाखवतो, पैसे नकोत. आणि जमलं तर तो ‘खराब’ शब्द तेवढा काढा.