मुलाच्या ताब्याविषयी फिरणारा संदेश आणि कायद्याची प्रत्यक्ष भूमिका

विभक्त होणाऱ्या पती-पत्नींपर्यंत हमखास पोहोचणारा एक संदेश सध्या समाजमाध्यमांतून फिरतो आहे. त्याचा आशय असा, की पाच वर्षांपर्यंत मूल आईचे आणि नंतर वडिलांचे; ज्याची कमाई जास्त त्याला ताबा; मूल बारा वर्षांचे झाले की तेच ठरवते; पोटगी थकली तर भेट बंद करता येते; आणि एकदा झालेला आदेश कायमचा. यावर विसंबून कोणी मुलाला घेऊन परस्पर दुसऱ्या शहरी जातो, तर कोणी अर्ज करण्याआधीच हार मानतो, म्हणून या विधानांचे खंडन करणे मला आवश्यक वाटते.

पाच वर्षांच्या नियमाला आधार आहे, पण संदेशात सांगितला आहे तसा नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 च्या कलम 6 नुसार पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असतो, आणि तसे करणे मुलाच्या हिताचे नाही हे दाखवून देण्याचा भार वडिलांवर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली स्पष्ट केले. मात्र याच कायद्याचे कलम 13 मुलाचे हित सर्वोपरी मानते, त्यामुळे तसा पुरावा समोर आल्यास लहानग्या मुलाबाबतही वेगळा आदेश होऊ शकतो. पाचवा वाढदिवस झाला की ताबा आपोआप वडिलांकडे जातो, असे तर कायद्यात कुठेही म्हटलेले नाही. वडिलांचे नाव नैसर्गिक पालक म्हणून आधी येते, यावरून हा समज पसरला असावा. पण पालकत्व, म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, आणि ताबा, म्हणजे मूल कोणाजवळ राहते, या वेगळ्या गोष्टी आहेत, शिवाय वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, हे 1999 च्या निकालाने मान्य केले आहे. 2008 साली तर आई हयात नसलेल्या एका मुलाचा ताबा, वडील असूनही, सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या आईच्या आईवडिलांकडे ठेवला, कारण त्या वडिलांवर पत्नीच्या मृत्यूसंबंधीचा फौजदारी खटला होता आणि मुलाला आजी-आजोबांकडेच राहायचे होते.

कमाईच्या मुद्द्यावर फार बोलण्याचे कारण नाही. पालक व पाल्य अधिनियम, 1890 च्या कलम 17 मध्ये मुलाचे वय, अर्जदाराचे चारित्र्य व कुवत, मुलाशी असलेले नाते अशा अनेक बाबी विचारात घ्यायला सांगितल्या आहेत, आणि पगार हा त्यांतल्या कुवतीचा फार तर एक भाग ठरतो. दोघांच्या उत्पन्नातली तफावत मुलाच्या पोटगीने भरून काढता येते.

बारा वर्षांची अट कोणत्याही कलमात नाही. मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते, एवढेच 1890 चा कायदा म्हणतो. न्यायाधीश बहुधा मुलाशी आपल्या दालनात, दोन्ही पालकांना बाहेर बसवून बोलतात. शाळेतून कोण आणते, अभ्यासाला कोण बसते, आजारपणात जवळ कोण असते, असे साधे प्रश्न विचारले जातात, आणि पढवून आणलेले मूल इथेच ओळखू येते, कारण सात-आठ वर्षांच्या तोंडी वकिलाच्या नोटिशीतली वाक्ये येतात. तशा पसंतीला वजन राहत नाही, उलट पढवणाऱ्या पालकाबद्दलच शंका निर्माण होते. ज्यांना मुलाची खरी काळजी आहे त्यांनी त्याला साक्षीदार बनवू नये, असे मी कळकळीने सांगेन.

भेट आणि पोटगी यांची सांगड घालणे हा या संदेशातला सर्वांत अपायकारक भाग आहे. पोटगी थकली तर वसुलीसाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. भेट नाकारली गेली तर अंमलबजावणीसाठी दाद मागता येते. पण एकाचा बदला म्हणून दुसरे रोखण्याची मुभा कोणालाच नाही, कारण भेट हा मुलाचाही हक्क आहे. ताबा एकाकडे असला तरी दुसऱ्या पालकाशी मुलाचा पुरेसा संपर्क राहिला पाहिजे, आणि पालक दूर राहत असेल तर व्हिडिओ कॉलवर तरी बोलणे झाले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली नमूद केले. बराच काळ गाठभेट झाली नसेल, तर सुरुवातीची भेट न्यायालयाच्या आवारातील मुलांच्या खोलीत, समुपदेशकाच्या देखरेखीखाली ठेवता येते. अशा भेटीत मूल पहिला अर्धा तास दाराशीच उभे राहू शकते, आणि वडिलांनी किंवा आईने त्याला न ओढता खेळण्यांजवळ शांत बसून राहणे हीच तेव्हा मोठी गोष्ट असते. पुढे शनिवार-रविवार, मग रात्रीचा मुक्काम, मग दिवाळीची व मे महिन्याची अर्धी सुट्टी, अशी मुदत टप्प्याटप्प्याने वाढवता येते. जो पालक या भेटी सतत मोडतो, त्याच्याकडील ताब्याचाच फेरविचार होऊ शकतो. मुलाला हिंसेचा किंवा गैरवर्तनाचा खरा धोका असेल, तर भेट थांबवण्यासाठी किंवा देखरेखीखाली ठेवण्यासाठी तातडीने अर्ज करावा. मात्र आदेश मोडून परस्पर दार बंद केल्यास धोका सिद्ध करणे अधिकच कठीण होते.

आदेश कायमचा असतो, हे शेवटचे विधानही टिकत नाही. ताब्याचे आदेश परिस्थितीनुसार बदलता येतात, ते उभयतांच्या संमतीने झाले असले तरीही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच सांगून ठेवले आहे. पालकाचे दुसऱ्या शहरात स्थलांतर, गंभीर आजार, मुलाच्या शाळेतील सततची गैरहजेरी किंवा वाढत्या वयाबरोबर बदललेली त्याची गरज, यांपैकी काही घडले असेल तर बदलासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जासोबत शाळेचा हजेरीपट, डॉक्टरांची कागदपत्रे आणि आजवरच्या भेटींच्या तारखांची नोंद जोडावी.